न फिरलेले नट

कारखान्यात तिला सगळे ‘वहिनी’ म्हणत. तिच्या वडिलांपेक्षा वयाने मोठा लेथवालाही म्हणायचा, रंगारी म्हणायचा, आणि रागात नसले की मालकही म्हणायचे. याला कारण तिचा दीर. तो तिथे आधीपासून फिटर होता. ट्रेसिंग करायला, म्हणजे ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने उतरवायला, अक्षर चांगलं असलेली कोणीतरी हवी आहे हे त्यानेच घरी येऊन सांगितलं होतं आणि तोच तिला पहिल्या दिवशी घेऊन गेला होता. आठवड्याभरात एकदा ती डबा घरीच विसरली, तेव्हा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी त्याने हाक मारली, “वहिनी, डबा आणलाय!” झालं. त्या दिवसापासून ती चाळीस माणसांची वहिनी झाली.

कारखान्याचं काम सांगायला सोपं होतं. नवा ट्रक यायचा तो नुसता केबिन आणि मागे लोखंडाच्या दोन लांबलचक तुळया, म्हणजे चासी, एवढाच. त्याच्यावर गिऱ्हाईक म्हणेल ते बसवून द्यायचं. कोणाला पाण्याचा पंप हवा, कोणाला क्रेन, कोणाला चार टनांचा जनरेटर. गिऱ्हाईक यंत्र बघायचं, ड्रायव्हर गाडी बघायचा. वहिनीचं काम या दोघांच्या मधल्या वीतभर जागेत होतं. यंत्र गाडीला धरून कसं राहील, किती बोल्ट, केवढे, कुठे, हे ती कागदावर काढायची.

हे तिला शिकवलं जुन्या ड्राफ्ट्समनने. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे आधी ओरडायचं आणि मग समजावायचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला विचारलं, “बोल्ट काय करतो?”

“यंत्र सरकू देत नाही.”

“चूक. ते खिळा करतो. खिळा अडवतो, बोल्ट आवळतो.” त्यांनी एक कागद तिच्या दोन तळहातांमध्ये ठेवला आणि हात घट्ट दाबून धरायला लावले. मग कागद ओढून पाहिला. निघाला नाही. “बघ, कागदाला भोक आहे का? खिळा आहे का? नुसता दाब आहे. बोल्ट आवळला की तो ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. यंत्र त्या दाबावर बसतं. दाब गेला की तुझा बोल्ट आणि खुंटीला टांगलेली पिशवी, दोन्ही सारखंच.”

ते निवृत्त झाले तेव्हा मालकांनी वहिनीला त्यांच्या खुर्चीत बसवलं, ‘तात्पुरतं’. त्या तात्पुरत्याला अकरा वर्षं झाली. तिच्याकडे पदवी नव्हती. पण तिचं ड्रॉइंग हातात घेतलं की फिटरला प्रश्न विचारायला वर जिना चढावा लागत नाही, अशी तिची ख्याती होती.

मग वीज कंपनीच्या सहा गाड्यांचं काम आलं. कुठे लाइन तुटली, कुठे इस्पितळाची वीज गेली, तर धावून जाणाऱ्या जनरेटर गाड्या. कंपनीचे साहेब स्वतः आले. शांत माणूस, बोलताना सारखा चष्मा पुसायचा. त्यांची एकच अट होती. गाडीची उंची चार इंचांनी कमी हवी, नाहीतर त्यांच्या डेपोच्या फाटकातून ती आत जाणार नव्हती.

जुन्या रचनेत जनरेटरच्या चौकटीखाली, प्रत्येक बोल्टच्या जागी, चार इंच उंच जाड नळीचा तुकडा असायचा. लांब बोल्ट त्या नळीतून खाली चासीला लावलेल्या ब्रॅकेटपर्यंत, म्हणजे लोखंडी आधारापर्यंत, जायचा. वहिनीने दोन दिवस कागद पुढे ठेवून डोकं खाजवलं आणि नळ्याच काढून टाकल्या. चौकट सरळ ब्रॅकेटवर ठेवली आणि आठ आखूड, जाड बोल्ट दिले. हिशेबाने बोल्ट मजबूत होते, आधीपेक्षा जाडच होते. चार इंच वाचले. मालकांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली, आणि खोटं कशाला बोला, तिलाही चार दिवस जमिनीवर पाय टेकल्यासारखे वाटले नाहीत.

त्याच आठवड्यात रंगारी वर आला. ड्रॉइंगवर खालच्या कोपऱ्यात जुन्या ड्राफ्ट्समनच्या काळापासून एक ओळ असायची: ‘सांध्याच्या तोंडांना रंग लावू नये.’ रंगारी म्हणाला, “वहिनी, ती जागा कोरी ठेवली की सहा महिन्यांत तिथून गंजाचे ओघळ येतात. गिऱ्हाईक मला शिव्या घालतं. सगळीकडे रंग मारू द्या की.” दुपारचे तीन वाजले होते, टेबलावर दुसरी दोन कामं होती. तिने ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंगवरून ती ओळ खरवडून टाकली. अर्ध्या मिनिटाचं काम.

गाड्या गेल्या. अकरा महिने कोणाची काही तक्रार नव्हती.

बाराव्या महिन्यात, एका सकाळी, तिसऱ्या नंबरच्या गाडीने उतारावर वळणाआधी ब्रेक मारला, आणि गाडी थांबली पण जनरेटर थांबला नाही. पुढचे चार बोल्ट तुटले. चार टनांचं धूड पुढे सरकलं आणि केबिनच्या पाठीवर आदळलं. ड्रायव्हरच्या खांद्याचं हाड मोडलं, तीन बरगड्या मोडल्या. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून एवढ्यावर निभावलं.

मालकांच्या केबिनमध्ये बैठक बसली. कारखान्याचे मिस्त्री, ज्यांना सगळे मागून ‘होयबा’ म्हणत कारण मालकांपुढे त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे, त्यांनी त्या गाडीचा कागद आणला. बोल्ट आवळणाऱ्याची सही खाली असते. सही दिराची होती.

“ढिले सोडले असणार,” मिस्त्री म्हणाले.

“दुसरं काय असणार?” मालक म्हणाले.

“होय.”

दुसऱ्या दिवशी दिराला घरी बसवलं. घर एकच होतं. खाली वहिनी, तिचा नवरा आणि मुलगी, वर दीर आणि जाऊ. नवरा दवाखान्यात औषधं देणारा कंपाउंडर होता, प्रत्येक गोष्ट थेंबाथेंबाने मोजणारा. तो म्हणाला, “चौकशी होईल, काय ते कळेल. आपण मध्ये पडायचं नाही.”

चौथ्या दिवशी मोडकी गाडी ओढून कारखान्याच्या मागच्या अंगणात आणली. साहेबांना द्यायच्या अहवालासाठी मोडतोडीचं ड्रॉइंग हवं होतं. वहिनी पाटी, पेन्सिल आणि टेप घेऊन गेली. मनातून तिला वाटत होतं, भावजींची बाजू सांगणारं काहीतरी सापडावं.

सापडलंही. तुटलेले बोल्ट तिने पुसून उन्हात धरले. झटक्यात तुटलेलं लोखंड सगळीकडे सारखं खरबरीत दिसतं. हे तसे नव्हते. तुटलेल्या तोंडाचा बराच भाग गुळगुळीत होता आणि त्यावर बारीक कमानीसारख्या रेघा होत्या, तळ्याचं पाणी आटत जाताना चिखलावर उमटतात तशा. खरबरीत होता तो फक्त कडेचा नखाएवढा भाग. जुन्या ड्राफ्ट्समनने असा एक बोल्ट तिला दाखवला होता. “हा एका दिवसात मेला नाही,” ते म्हणाले होते. “रोज थोडाथोडा मेला.” म्हणजे हे बोल्ट महिनोन्‌महिने मागेपुढे वाकत होते. आणि घट्ट बोल्ट वाकत नाही.

मग तिने मागचे चार बोल्ट पाहिले. ते अजून जागेवर होते. टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला जोर लागला की ‘टक्’ असा आवाज करणाऱ्या पान्याने, बोल्ट आवळून झाला की दीर नटावरून खालच्या पत्र्यावर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायचा. नट नंतर कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. या चारही रेघा अखंड होत्या. अगदी काल ओढल्यासारख्या. तिला हसू आलं. भावजी सुटले! त्यांनी आवळले होते आणि त्यानंतर नट तसूभरही फिरले नव्हते.

नुसती खात्री म्हणून तिने पाना लावला. तो हलणारच नाही असं धरूनच लावला.

नट दोन बोटांनी फिरला.

ती तशीच गाडीखाली वाकलेली राहिली. मग तिने दुसरा पाहिला, तिसरा, चौथा. सगळे तसेच. नट फिरलेला नाही, आणि तरी ताण गेलेला. तिने एक बोल्ट पूर्ण काढला आणि चौकटीची कड पहारीने थोडी उचलली. चौकटीच्या तळाला रंग, ब्रॅकेटच्या तोंडाला रंग, ब्रॅकेटच्या पाठीला रंग, चासीला रंग. आणि तो सगळा दाबाने चेपून कडेकडेने बाहेर आलेला, ओल्या ताटलीत ठेवलेल्या साबणाच्या वडीखाली मऊ गाळ येतो तसा.

तिथल्या तिथे, पाटीच्या कडेला, तिने आकडेमोड केली. तिच्या आखूड बोल्टची पकड होती जेमतेम इंचभर. एवढासा बोल्ट पूर्ण आवळला तरी ताणून वाढतो किती, तर केसाच्या जाडीइतका. रंगाचे थर अर्धा केस जरी दबले, तरी बोल्टमधला अर्धा ताण संपला. इथे तर त्याहून कितीतरी जास्त दबले होते. जुना लांब बोल्ट पाच केस ताणला जायचा, त्यातला एखादा केस गेला तरी त्याला फरक पडला नसता.

नळ्या तिने काढल्या होत्या. ओळ तिने खरवडली होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही तिची होती.

तिने पाटी उलटी धरली आणि जिना चढून टेबलाशी येऊन बसली.

घरी आल्यावर तिने फक्त नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, “अजून कोणाला माहीत आहे?”

“नाही.”

“मालकांनी त्याला काय सांगितलंय, ऐकलंस ना? हलगर्जी झाली असं लिहून दे, महिन्याभरात परत घेतो. महिना. तू तोंड उघडलंस तर तुझं टेबल गेलं, आणि पदवी नसलेल्या बाईला दुसरं टेबल कोण देणार?”

“पण चूक त्यांची नाही.”

“मी कुठे म्हणतो आहे? मी म्हणतो, महिनाच आहे.”

त्याचं बोलणं काही दुष्टपणाचं नव्हतं. हेच तिला जड गेलं. त्याने वाईट काही सांगितलं असतं तर ते धुडकावणं सोपं होतं. हे तर पथ्यपाण्यासारखं शहाणं होतं. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली, गप्प बसली. तिसऱ्या दिवशीही गेली, गप्प बसली.

इकडे दीर घरी बसून वेडापिसा झाला होता. रिकामे हात त्याला माहीतच नव्हते. त्याने सगळ्या दारांच्या बिजागऱ्या आवळल्या, नळ आवळले, शेजारच्यांचं शिलाई मशीन खोलून परत जोडलं. जाऊ खाली येऊन म्हणाली, “वहिनी, घरात एक स्क्रू सोडला नाही यांनी. आता माझ्या बांगड्यांना पाना लावला नाही म्हणजे मिळवली.” दोघी हसल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा दीर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. त्याने तिला थांबवलं.

“वहिनी, एक विचारू?”

“विचारा ना.”

“पाना ‘टक्’ करतो ना, तो आवाज. त्या गाडीच्या वेळी मी तो ऐकला होता का, हे मी आठवतोय. सही केली, ते आठवतं. रेघा ओढल्या, तेही आठवतं. पण आवाज? आठवतच नाही. शेजारी ग्राइंडर चालू होता. कदाचित नसेल ऐकला. कदाचित चारच आवळले असतील आणि रेघा आठांवर ओढल्या असतील.” तो आपल्या हातांकडे बघत होता. “बावीस वर्षांत असं झालं नाही. पण एकदा होऊ शकतं. मी उद्या लिहून देतो. तो ड्रायव्हर... माझ्यामुळेच झालं असणार.”

वहिनी त्याच्या खालच्या पायरीवर बसली. नोकरी जाईल या भीतीपेक्षा ही गोष्ट मोठी होती. या माणसाचा स्वतःच्या हातावरचा भरवसा उडत चालला होता, आणि तो उडू देणारी ती होती.

“भावजी, तुम्ही आठही आवळले होते. पूर्ण. मी रेघा पाहिल्या आहेत.”

तिने सगळं सांगितलं. नळ्या, रंग, खरवडलेली ओळ, दोन बोटांनी फिरलेला नट. मग त्याने एकच प्रश्न विचारला.

“तुम्हाला कधी कळलं?”

“परवा.”

“परवा,” तो म्हणाला. उठला, पँट झटकली. “चुकतं माणसाचं, वहिनी. ड्रॉइंग चुकलं त्याचं मला काही नाही. पण परवापासून मी इथे या पायरीवर बसलोय आणि तुम्ही रोज माझ्या समोरून येताय-जाताय.” तो दोन पायऱ्या चढला आणि वळून म्हणाला, “ठीक आहे, मॅडम.”

त्या ‘मॅडम’ने जे झालं ते मालकांच्या कुठल्याच बोलण्याने नंतर झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या केबिनमध्ये वीज कंपनीचे साहेबही आले होते. मिस्त्रींनी दिराने सही करायचा कागद टंकून आणला होता. वहिनी न बोलावता आत गेली. तिच्या हातात तुटलेला बोल्ट, तिची आकडेमोड आणि मुलीच्या परकरात घालायच्या इलॅस्टिकचे दोन तुकडे होते, एक बोटभर आणि एक हातभर.

“साहेब, हे दोन्ही ताणून धरा,” ती म्हणाली. साहेबांनी चष्मा खाली ठेवला आणि आज्ञाधारकपणे धरले. “आता दोन्ही अर्धा इंच सैल सोडा.” आखूड तुकडा लोळागोळा होऊन लोंबायला लागला. लांब तुकडा ताठच होता. “आखूड बोल्ट मी दिले. आणि सांध्यात रंग नको ही ओळ मी काढली. रंग दबला, बोल्ट सैल झाले. आवळणाऱ्याची काहीही चूक नाही. त्याच्या रेघा अजून गाडीवर आहेत, तुम्ही स्वतः बघू शकता.”

मालकांचा चेहरा उतरला. फिटरची चूक म्हणजे एका माणसाची चूक, ड्रॉइंगची चूक म्हणजे कारखान्याची चूक, हे त्यांना क्षणात कळलं. ते हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, हे तुम्ही तोंडी बोललात ते ठीक. कागदावर नको.”

साहेब मात्र दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. “बाई, असे बोल्ट सहाही गाड्यांवर आहेत?”

“सहाही.”

“म्हणजे पाच आत्ता रस्त्यावर आहेत.”

“हो. त्या थांबवा. उद्या नाही, आत्ता.”

साहेबांनी मालकांचाच फोन ओढला आणि नंबर फिरवला. बोलता बोलता मालकांकडे बघून म्हणाले, “आणि हे मला कागदावरच लागेल.”

पाच गाड्या दोन दिवसांत कारखान्यात आल्या. त्यांचे चाळीस बोल्ट दिरानेच तपासले, कारण त्याला त्याच दिवशी परत बोलावलं होतं. चाळीसपैकी एकतीस बोल्टमध्ये अर्ध्याहून कमी ताण उरला होता. पाचव्या नंबरच्या गाडीच्या दोन बोल्टना तडा गेलेला होता. ती गाडी आदल्या दिवशीच इस्पितळाला वीज पुरवून डोंगरातून आली होती. तडे गेलेले बोल्ट हातात धरून मिस्त्री पहिल्यांदाच ‘होय’ न म्हणता नुसते उभे राहिले.

मालकांनी तिला काढलं नाही. काढलं असतं तर सहा गाड्या दुरुस्त कोणी केल्या असत्या? पण तिची होऊ घातलेली बढती बारगळली, आणि यापुढे तिचं प्रत्येक ड्रॉइंग मिस्त्रींच्या सहीशिवाय खाली जाणार नाही असा हुकूम निघाला. मिस्त्रींना ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. ते कागदाकडे न बघता वहिनीच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, “खात्री आहे ना?” ती ‘हो’ म्हणाली की सही. गंमत अशी की त्या प्रश्नाने तिला दोनदा परत जाऊन आकडे तपासायला लावलं, आणि दोनातल्या एका वेळी चूक खरंच सापडली.

एका सुटीच्या दिवशी ती ड्रायव्हरला भेटायला गेली. नवरा म्हणाला होता, कशाला जातेस, तो चार शब्द सुनावेल. तिला वाटलं, सुनावू दे. ड्रायव्हर खिडकीशी खुर्चीवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. ती कोण आणि का आली आहे हे तिने आधीच सांगून टाकलं. त्याने ऐकलं. त्याच्या बायकोने चहाचा कप ठेवला होता, तो निवून गेला.

“म्हणजे मी ब्रेक जोरात मारला म्हणून नाही?” त्याने विचारलं.

“नाही. ब्रेक मारल्यावर यंत्र जागेवर राहायलाच हवं. ते बघणं आमचं काम होतं.”

त्याने बायकोकडे पाहिलं. “बघ,” एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळाने तो वहिनीला म्हणाला, “हात आता खांद्याच्या वर जाणार नाही म्हणाले डॉक्टर. मोठी गाडी संपली माझी. तुम्ही आलात ते बरं केलंत. पण परत येऊ नका.” ती परत गेली नाही. त्याला पुढे डेपोतच गाड्यांच्या वेळा लिहिण्याचं काम मिळालं, हे तिला साहेबांकडून कळलं.

नवी रचना करायची होती. लांब बोल्ट आणि नळ्या परत आणायच्या हे नक्की होतं, सांध्याला रंग नाही हेही नक्की होतं. पण तिला आता नुसत्या कागदावर भरवसा वाटेना. तिने मालकांना सांगितलं, मला भरलेल्या गाडीतून खराब रस्त्याने जायचं आहे. मालक म्हणाले, दिराला घेऊन जा.

दिराने अजूनही ‘मॅडम’ सोडलं नव्हतं. घरात तो तिच्याशी जाऊमार्फत बोलायचा. गाडी तोच चालवत होता. दीड तास दोघं केबिनमध्ये शेजारी बसून निमूट गेले. मग खाचखळग्यांचा रस्ता आला. वहिनी सीटवर उलटी गुडघे टेकून बसली आणि मागच्या काचेतून बघू लागली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला दिसलं की ज्या चासीला ती इतकी वर्षं पट्टीने सरळ रेघ म्हणून काढत आली, ती मुळी सरळ नसते. डावं चाक खड्ड्यात गेलं की दोन्ही तुळया ओला कपडा पिळावा तशा पिळत होत्या. जनरेटरची ताठ चौकट त्यांच्याबरोबर पिळायला तयार नव्हती, आणि ते सगळं भांडण बोल्टांच्या डोक्यावर चाललं होतं.

“थांबवा, थांबवा!” ती ओरडली. दोघं उतरून खाली वाकले. ती म्हणाली, “चारही कोपरे घट्ट धरून चालणार नाही. मागची बाजू मोकळी हवी.”

“मोकळी कशी? उडून जाईल.”

“मग काय करायचं?”

“जुन्या टँकरला बघितलं नाही का तुम्ही? मागच्या बोल्टांना नटाखाली जाड स्प्रिंग असते. गाडी पिळली की स्प्रिंग दबते, परत येते. बोल्टला काही होत नाही.”

“किती दाबून ठेवतात ती?”

“पूर्ण नाही दाबायची, वहिनी! पूर्ण दाबली की ती स्प्रिंग कसली, ते वॉशरच. जागा ठेवायची, दोन बोटं...” आणि तो थबकला. काय म्हणून गेलो हे त्याच्या लक्षात आलं. वहिनी पाटीवर स्प्रिंग काढत होती, तिने मान वर केली नाही. “दोन बोटं म्हणजे किती, भावजी? तुमची बोटं की माझी?” तिने विचारलं. तो हसला. पूर्वीसारखं सगळं झालं असं नाही. पण परतीच्या वाटेवर दीड तास ते स्प्रिंगवरून भांडत आले.

पुढे दोन घट्ट सांधे, मागे दोन स्प्रिंगवाले, लांब बोल्ट, कोरी तोंडं, अशी रचना झाली. एकच अडचण उरली. नळ्या आल्या की गाडी परत चार इंच उंच. वहिनीने या वेळी कागदावर डोकं खाजवलं नाही. ती साहेबांबरोबर डेपोचं फाटक बघायला गेली. दगडी कमान चांगली उंच होती. तिच्या खाली, साखळीने लोंबकळत, कंपनीच्या नावाची पत्र्याची पाटी होती.

“साहेब, उंची कुठून मोजली होती?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पाटीपासून,” ते म्हणाले.

दोन माणसांनी शिडी लावून ती पाटी काढली आणि भिंतीवर ठोकली. अर्ध्या तासाच्या आत. तो अर्धा तास दोघंही खाली उभे होते.

त्या सहा गाड्या नव्या रचनेने परत रस्त्यावर गेल्या, आणि पुढच्या वर्षी साहेबांनी आणखी बारा मागवल्या. बढती वहिनीला मिळाली, पण चार वर्षं उशिरा. तोवर मिस्त्री निवृत्त झाले होते, आणि त्यांची सही गेली तशी तिने स्वतःच दिराला सांगितलं की प्रत्येक ड्रॉइंग खाली जायच्या आधी तुम्ही बघायचं आणि जे खटकेल ते बोलायचं. तो बोलायचा. कधीकधी जरा जास्तच बोलायचा. घरी जाऊ म्हणायची, कारखाना कारखान्यात ठेवून येत जा दोघं, जेवताना तरी बोल्ट नकोत.

ती निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्या पहिल्या सहांपैकी एक गाडी भंगारात निघाली. डेपोच्या मेकॅनिकला जनरेटर उतरवायचा होता. बोल्ट काही निघेनात. लांब पाना लावला, पान्याला पाइप अडकवला, दोन माणसं लोंबकळली, शेवटी गॅस कटर आणून कापावे लागले. सबंध दिवस गेला. बोल्ट कापता कापता मेकॅनिक म्हणाला, कोणत्या शहाण्याने हे बसवलं आहे, त्याला एकदा माझ्यासमोर आणा. शेजारी वेळा लिहिणारा तो जुना ड्रायव्हर बसला होता, त्याने हे दिराला फोनवर सांगितलं आणि दिराने खाली येऊन वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “किती कापावे लागले?” तिने विचारलं.

“आठही,” दीर म्हणाला.

“मागचेसुद्धा? स्प्रिंगवाले?”

“मागचेसुद्धा.”

“ते निघायला हवे होते,” ती म्हणाली, आणि का निघाले नसतील यावर दोघांचा वाद सुरू झाला.